चीनमधील सासर : वास्तव्याचा हक्क आणि कामाचा परवाना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण. छपाईसाठी किंचित संस्कार केले आहेत.)



व्याख्यानासाठी चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘चिनी नागरिकांशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तींचे व्हिसा आणि रोजगार’ असे मी सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. ‘बंगालमधील मराठी पाऊलखुणा’ अशा धर्तीचे काही त्यांना अपेक्षित असावे. मी चीनविद्येचा अभ्यासक नव्हे. साधा बी. ए. आहे आणि आयुष्याची तीस वर्षे केंद्र सरकारच्या नस्तींवर टिपणे लिहिण्यात गेली आहेत. या नोकरीने एक सवय मात्र लावली : कोणताही नियम त्याच्या शेवटच्या परंतुकापर्यंत वाचायचा. ती सवय घरच्याच कामी यावी असा योग गेल्या काही वर्षांत आला, कारण आमच्या भाचीचे सासर चीनच्या युन्नान प्रांतातील कुनमिंग शहरी आहे.

चीनमधील सासर ही गोष्ट मराठी माणसाला अगदीच अपरिचित नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले, त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४१ साली त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. पुढील ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ ठेवले. त्यातले ‘यिन’ हे भारताचे आणि ‘हुआ’ हे चीनचे. मूल जेमतेम साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी डॉक्टर गेले. शांतारामबापूंचा १९४६ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मी जेव्हा या विषयाचे कायदे वाचू लागलो, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की आजच्या व्याख्येने पाहिले तर कोटणीस हे चिनी नागरिकाचे परदेशी पती होते आणि चीनमध्ये नोकरी करीत होते. युद्धाच्या त्या धुमाळीत, जिथे शल्यविशारदच मिळत नव्हते, तिथे परवान्याचा प्रश्न कोण काढणार? आज त्याच गावी कोणी मराठी डॉक्टर चिनी परिचारिकेचा नवरा म्हणून राहायला गेला, तर त्याला घरात राहता येईल, परंतु त्या विवाहाच्या बळावर रुग्णाच्या नाडीला हात लावून पैसे घेता येणार नाहीत. माझे सांगणे सगळे या एका वाक्याभोवती आहे.

आपल्याकडे लग्न ठरले की नातेवाईक तीन गोष्टी एकत्र कालवतात. मुलगी तिकडची झाली, म्हणजे तिला तिकडे राहता येईल, तिकडे नोकरी करता येईल आणि कालांतराने ती तिकडची नागरिक होईल, असे गृहीत धरले जाते. चीनच्या कायद्यात या तीन गोष्टींची तीन निरनिराळी दारे आहेत आणि विवाहाने त्यांतले एकच दार उघडते.

चीनचा सध्याचा प्रवेश-निर्गमन कायदा ३० जून २०१२ रोजी संमत झाला आणि १ जुलै २०१३ पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून व्हिसाचे नवे वर्ग आले. कुटुंबीयांसाठी ‘क्यू’ हा वर्ग आहे. क्यू-२ हा १८० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी, तर क्यू-१ हा दीर्घ सहवासासाठी. (नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाच्या कुटुंबासाठी ‘एस’ वर्ग आहे, पुष्कळ लोक घोटाळा करतात तो इथे.) क्यू-१ साठी विवाहाचा दाखला, चिनी जोडीदाराचे निमंत्रणपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते. हा व्हिसा म्हणजे केवळ उंबरठा आहे. चीनमध्ये पाऊल ठेवल्यापासून तीस दिवसांच्या आत पोलीस खात्याच्या प्रवेश-निर्गमन कचेरीत जाऊन वास्तव्य-परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्जाचा निर्णय पंधरा दिवसांत द्यावा असे कायदा सांगतो. तोवर पासपोर्ट कचेरीत आणि आपल्या हाती पोच. असा परवाना कमीत कमी १८० दिवसांचा व जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. प्रत्यक्षात किती मिळेल ते त्या त्या शहराच्या कचेरीवर आणि आपल्या कागदांवर अवलंबून. शिवाय हॉटेलात न उतरता घरी उतरले तर चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी लागते, मग ते घर नवऱ्याचे का असेना. आमच्या भाचीच्या सासूबाईंना, म्हणजे ज्यांना परदेशी सून पहिल्यांदाच पाहायला मिळाली त्यांना, या गोष्टीचे फार वाईट वाटले होते. आपल्या सुनेची वर्दी आपण पोलिसांत द्यायची!

इथे नावाविषयी थोडे विषयांतर करतो, कारण मराठी मुलींना ते विशेष लागू आहे. चिनी स्त्री लग्नानंतर नाव बदलत नाही. माहेरचे आडनाव जन्मभर तसेच राहते. आपल्याकडे पदवीपत्रावर वडिलांचे नाव, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव, आडनाव कधी आधी तर कधी शेवटी. हे सारे कागद चिनी भाषांतरासह एका नस्तीत लागले, की या दोन वा तीन निरनिराळ्या स्त्रिया आहेत असा समज कोणत्याही प्रामाणिक कारकुनाचा होईल. भाचीच्या लग्नात नाव बदलण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मी एकट्याने विरोध केला. ‘मामांना हौस कशाचीच नाही’ असे तेव्हा सर्वजण म्हणाले. नाव बदलले नाही, आणि पुढे पदवीपत्र व पासपोर्ट निमूटपणे जुळले. लग्न २०१८ साली कुनमिंगच्या नागरी व्यवहार खात्यात नोंदविले गेले. तिने अविवाहित असल्याचा प्रमाणित दाखला दिला, त्याने आपले ओळखपत्र आणि ‘हुकोऊ’ ही कुटुंबनोंदवही दाखविली. दोघांना लाल रंगाची एकेक पुस्तिका मिळाली. मे २०२५ पासून ती नोंदवही विवाहनोंदणीसाठी दाखवावी लागत नाही.

आता कामाकडे वळतो. भाची सांगलीची, बी. ए. झालेली आणि सिंगापूरला एका हॉटेलात तीन वर्षे नोकरी केलेली. जावई तिला तिथेच भेटले. कुनमिंगला गेल्यावर घरी बसून तिला कंटाळा आला. योगासने तिला लहानपणापासून येतात आणि कुनमिंगमध्ये योगाचे वेड मोठे; तिथल्या युन्नान मिन्झू विद्यापीठात २०१५ साली भारत-चीन योग महाविद्यालयच निघाले आहे. तिने इमारतीतल्या पाच-सहा बायकांना शिकवायला सुरुवात केली, पुढे थोडी फी घेऊ लागली आणि तळमजल्यावर एक चिठ्ठी चिकटवली. तिच्या दृष्टीने हे आपल्याकडच्या शिकवणीसारखेच. काही महिन्यांनी चौकशी झाली. कुटुंबासाठी मिळालेल्या वास्तव्य-परवान्यावर काम करता येत नाही. कायद्याच्या एकेचाळिसाव्या कलमाप्रमाणे कामाचा परवाना आणि कामासाठीचा वास्तव्य-परवाना असे दोन्ही लागतात. त्याविना काम केल्यास पाच हजार ते वीस हजार युआन दंड, आणि प्रकरण गंभीर असेल तर पाच ते पंधरा दिवसांची कोठडी. भाचीला कमीत कमी रकमेवर सोडले. आपल्या हिशेबाने तेही साठ हजार रुपयांच्या आसपास जाते.

रात्री तिचा फोन आला. “मामा, मी चोरी केली का हो?” असे तिने विचारले. मी म्हणालो, “चोरी नाही, पण चूक झाली, आणि ती आधी वाचले असते तर टळली असती.” मग मलाच वाईट वाटले, आधी वाचायला मीही काही बसलो नव्हतो. मुलीचे सासर कसे आहे याची चौकशी आम्ही दहा ठिकाणी केली होती. त्या देशात तिच्या हाताला काम मिळेल का, हे कोणीही विचारले नव्हते.

त्या रात्रीपासून मी हे नियम जमवू लागलो. काम करण्याचा सरळ मार्ग असा, की एखाद्या चिनी संस्थेने वा कंपनीने आपल्याला नेमावे आणि तिने आपल्यासाठी परवाना मागावा. अर्ज मालकाचा असतो, कामगाराचा नव्हे. एप्रिल २०१७ पासून सर्व देशात परदेशी माणसांसाठी एकच काम-परवाना आहे आणि अर्जदारांचे अ, ब, क असे तीन वर्ग पाडतात. सामान्य शिकलेला माणूस ‘ब’ वर्गात बसतो. त्यासाठी साधारणपणे पदवी, त्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, साठीच्या आतले वय, आणि गुन्हा नोंदलेला नसल्याचा दाखला हवा. गुणांची पद्धतही आहे. वेतन, शिक्षण, वय, चिनी भाषेची परीक्षा यांना गुण मिळतात. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या, चिनी न येणाऱ्या बी. ए.ला किती गुण पडतील ते मी मोजून पाहिले आणि कागद घडी करून ठेवला. भारतीयांना आणखी एक अडचण आहे. इंग्रजी शिकवण्याची नोकरी हा परदेशी माणसाचा नेहमीचा आधार, परंतु भाषाशिक्षकाची ती मातृभाषा असावी असा नियम आहे आणि त्या दृष्टीने भारत हा इंग्रजीचा देश मानला जात नाही. आपण कितीही चांगले इंग्रजी बोलत असलो तरी.

विवाहाचा उपयोग इथे होतो, पण तो वेगळ्या ठिकाणी. सामान्य परदेशी माणसाला कामासाठी आधी बाहेरून ‘झेड’ व्हिसा घेऊन यावे लागते. चिनी नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला मात्र, हाती वैध वास्तव्य-परवाना असल्यास, चीनमध्ये राहूनच कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही सवलत लहान दिसते, परंतु मायदेशी परत जाऊन महिनाभर थांबण्याचा खर्च आणि ताण तिने वाचतो. भाचीने योगाचा नाद सोडला, सिंगापूरचा अनुभव कागदावर काढला आणि एका हॉटेलात रीतसर नोकरी धरली. एक गोष्ट मात्र तिला सांगावी लागली. कामाचा वास्तव्य-परवाना घेतला की आपण त्या मालकाशी बांधले जातो. नोकरी सुटली तर दहा दिवसांच्या आत कचेरीत जाऊन बदल कळवायचा आणि पुन्हा कुटुंबाच्या परवान्यावर यायचे. नवऱ्याच्या दुकानाचे विचारतात तेही सांगतो. दुकान नवऱ्याच्या नावाचे असले तरी पत्नीने गल्ल्यावर बसणे हे कामच ठरू शकते. भांडवल असेल तर स्वतःची कंपनी रीतसर नोंदवावी आणि त्या कंपनीने आपल्याला नेमावे, हा मार्ग कायद्यात आहे, पण तो व्यापाऱ्यांचा.

हाँगकाँगची गोष्ट निराळी, तिथला कारभार वेगळ्या कायद्याने चालतो. तिथल्या कायम रहिवाशाच्या जोडीदाराला आश्रित म्हणून परवाना मिळतो आणि त्यावर नोकरी करायला आडकाठी नसते. सात वर्षे सलग सामान्य वास्तव्य झाले की कायमच्या हक्कासाठी अर्ज करता येतो. चीनमध्ये लग्न केले असे कोणी सांगितले, तर आधी शहराचे नाव विचारावे.

आता कायम वास्तव्याकडे येतो, कारण कामाच्या बंधनातून खरी सुटका तिथेच आहे. २००४ सालापासून चीन परदेशी माणसांना कायम वास्तव्याचे कार्ड देतो, आणि ज्याच्यापाशी ते आहे त्याला कामाचा वेगळा परवाना लागत नाही. हे कार्ड मिळणे सोपे नाही. २०१६ या संपूर्ण वर्षात सर्व प्रकारच्या अर्जदारांना मिळून १,५७६ कार्डे मंजूर झाली. एवढ्या प्रचंड देशात! २०२० साली नियम थोडे सैल करणारा एक मसुदा सरकारने लोकांपुढे ठेवला, तर तिथल्या जनतेतूनच एवढी टीका उसळली की सरकारला फेरविचाराचे आश्वासन द्यावे लागले. जोडीदारासाठी अट अशी : विवाहाला पाच वर्षे झालेली असावीत, चीनमध्ये सलग पाच वर्षे वास्तव्य असावे, त्यातील प्रत्येक वर्षी किमान नऊ महिने प्रत्यक्ष तिथे राहिलेले असावे, आणि उपजीविकेची व घराची स्थिर सोय असावी.

‘प्रत्येक वर्षी किमान नऊ महिने.’ या पाच शब्दांनी आमच्या घरात जे घडले ते सांगतो.

२०२० च्या फेब्रुवारीत माझे मेहुणे आजारी पडले म्हणून भाची सांगलीस आली. २८ मार्च २०२० पासून चीनने, हाती वैध व्हिसा किंवा वास्तव्य-परवाना असलेल्या परदेशी माणसांनाही, प्रवेश बंद केला. नवरा कुनमिंगमध्ये, ती सांगलीत. हॉटेलची नोकरी गेली आणि परवान्याची मुदत इथेच संपली. मेहुणे २०२१ साली वारले. तेव्हा ती उशाशी होती, आणि ताई अजून म्हणते की तेवढे मात्र देवाने चांगले केले. चिनी नागरिकांच्या कुटुंबीयांसाठी दिल्लीच्या वकिलातीने २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा अर्ज घ्यायला सुरुवात केली. जुलैत ती परत गेली. लग्नाला तोवर चार वर्षे झाली होती, परंतु सलग वास्तव्याची मोजणी शून्यावर आली होती. ती आता जुलै २०२७ मध्ये पुरी होईल.

आणि या मोजणीच्या चौथ्या वर्षात भाचीला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज. सातव्या महिन्यात यायचे, बाळ सव्वा-दोन महिन्यांचे झाले की जायचे. कसाही हिशेब केला तरी तीन महिन्यांच्या वर जाते. ताईने लाडवांच्या डिंकापासून दाईपर्यंत सर्व मनात ठरविलेले. तिला हे सांगायचे काम माझ्याकडे आले. मी नियम वाचून दाखविला. ती म्हणाली, “अरे, बाळंतिणीला सुद्धा ही अट?” नियमात बाळंतिणीचे परंतुक मला आढळले नाही.

दुसरा प्रश्न बाळाचा. आई-वडिलांपैकी एक चिनी नागरिक असून मूल चीनमध्ये जन्मले, तर १९८० च्या चिनी राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे ते जन्मतः चिनी. तेच मूल सांगलीत जन्मले, तर आई भारतीय नागरिक आणि वडील रीतसर व्हिसावर आलेले, म्हणून आपल्या कायद्याने ते भारतीय. आणि वडील कुनमिंगचेच रहिवासी असल्यामुळे चीनच्या कायद्याने ते चिनीही. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाहीत. म्हणजे पाळण्यातल्या बाळावर दोन राष्ट्रांचा हक्क, आणि दोघांचाही एकमेकांच्या हक्कास नकार. कुनमिंगला जन्मलेल्या बाळाला भारतीय करायचे असेल तर एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंद करून, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. जावई शांत स्वभावाचे आहेत. मूल चिनी राहू द्यावे असे त्यांचे मत, आणि भाचीने पुष्कळ विचार करून ते मान्य केले. तिच्या विचारात एक व्यवहारही होता, तो मी तिला सांगितलेला आहे. विवाह काही कारणाने संपला, घटस्फोटाने वा मृत्यूने, तर पत्नी म्हणून मिळालेल्या परवान्याचा आधार जातो. परंतु कुटुंबीयांच्या व्याख्येत चिनी नागरिकाचे आईवडीलही येतात. मूल चिनी असेल तर आई म्हणून तिला अर्ज करायला आधार राहतो. शुभप्रसंगी अशा गोष्टी बोलू नयेत असे म्हणतात. कायदा मात्र त्या बोलून ठेवतो.

भाचीने स्वतः चिनी नागरिक व्हावे का, असे इथल्या एका भगिनीने मला चहाच्या वेळी विचारले. चिनी नागरिकाचा निकटचा नातेवाईक तसा अर्ज करू शकतो, पण मंजुरीबरोबर भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, आणि फार थोडे लोक त्या वाटेने जातात. भाचीचा तसा विचार नाही. आपल्यातील सरकारी नोकरांसाठी जाता जाता सांगतो : आचरण नियमांतील एकविसाव्या नियमाप्रमाणे परदेशी व्यक्तीशी विवाह केल्यास सरकारला ताबडतोब कळवावे लागते. हा नियम नोकराच्या स्वतःच्या विवाहाला आहे, भाचीच्या नव्हे. तरीही मी वरिष्ठांना तोंडी सांगून ठेवले होते.

बाळंतपणाची गोष्ट अशी सुटली. कुटुंबीयांची ती व्याख्या मी पुन्हा वाचत होतो. तीत जोडीदार, आईवडील, मुले, मुलांचे जोडीदार, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे अशी नावे आहेत, आणि अगदी शेवटी ‘जोडीदाराचे आईवडील’ हे शब्द आहेत. म्हणजे चिनी जावयाची सासू ही त्याची कुटुंबीय. तिला जावयाच्या निमंत्रणावर क्यू-२ व्हिसा मागता येतो, १८० दिवसांपर्यंत. मी रात्री अकरा वाजता ताईला फोन केला. तिने एवढेच विचारले, “डिंक नेऊ देतील का?”

तिचा पासपोर्ट निघाला आहे, अर्ज झाला आहे. कलकत्त्याहून ग्वांगझौला थेट विमान २६ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू झाले, म्हणून ती पुढील महिन्यात आमच्याकडे येऊन इथूनच जाईल. पुढे कुनमिंगचे विमान निराळे. उतरल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांत वर्दी द्यायची, हे मी तिला चिठ्ठीवर लिहून दिले आहे, आणि त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे जावयांच्या घराचा पत्ता चिनी लिपीत आहे. तो मी तीन वेळा गिरवून पाहिला, तरी भाचीला छायाचित्र पाठवून बरोबर आहे ना, अशी खात्री करून घेतली.